स्का आधी की पंक आधी? लहान जागेतल्या कार्यक्रमाच्या क्रमाविषयी

ठेकाप्रेमी (धागाकर्ता)

स्थानिक बँडच्या एका कार्यक्रमाला नुकताच जाऊन आलो आणि तेव्हापासून क्रमाचा एक प्रश्न मनात घोळतो आहे, म्हणून हा धागा काढत आहे. जागा अगदी लहान होती. मंच गुडघ्याइतका उंच, छत हात वर केला तर टेकेल असे, आणि शंभर माणसे आत आली की दरवाजा उघडणेही अवघड व्हावे. एकूण चार बँड होते. पहिला तिघांचा पंक बँड, दुसरा जुन्या जमैकन वळणाचा स्का वाजवणारा आठ जणांचा ताफा, तिसरा पुन्हा पंकच पण पहिल्याहून कितीतरी वेगवान, आणि शेवटी दोन्हींची सांगड घालणारा स्का-पंक बँड. वादनात सर्वांत मुरलेला दुसरा होता, याबद्दल तिथे आलेल्यांत फारसे दुमत नसावे. तरीही त्यांची सुरुवातीची गाणी जवळजवळ वाया गेली आणि माझ्या मते त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

स्काचा सारा डोलारा मात्रेवर उभा नसून दोन मात्रांच्या मधोमध उभा असतो. ‘एक-आणि-दोन-आणि’ असे मोजत गेलो तर गिटार त्या ‘आणि’वर येते. वादक तारा खालून वर छेडतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटे किंचित सैल करून त्या मुक्या करतो, त्यामुळे सूर उमटताच तुटतो. पुढच्या छेडीपर्यंत जी पोकळी राहते तिच्यात बास चालत असतो, हाय-हॅटची (ड्रमरच्या पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीची) टिकटिक असते आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या छोट्या फेकी येऊन जातात. ही पोकळी ऐकू आली नाही, तर कोणीतरी घाईघाईने गिटार खाजवत आहे एवढेच कानावर पडते. पंकचे गणित नेमके उलटे असते. तिथे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केलेला असतो, वरून खाली येणारे फटकारे अखंड चालू असतात आणि कुठेही फट राहू नये हाच उद्देश असतो. पहिल्या बँडने अर्धा तास ती खोली अशी काठोकाठ भरून टाकल्यावर दुसऱ्या बँडने सोडलेल्या मोकळ्या जागा ऐकण्याच्या स्थितीत आमचे कान नव्हतेच.

शेवटचा बँड मी मंचाच्या अगदी कडेला उभा राहून पाहिला. कडव्यात गिटार स्वच्छ आणि तुटक असे. ध्रुवपदाला अर्धी मात्रा उरली की गिटारवादकाचा उजवा पाय आवाज फाटका करणाऱ्या पेडलवर पडे, ड्रमर आवळून धरलेला हाय-हॅट अर्धवट उघडे आणि तिन्ही फुंकवाद्ये एकदम ओठांना लागत. गाण्यातला सारा ताण त्या अर्ध्या मात्रेत साठलेला असे. हे पाहताना वाटले की ज्यांना अगोदर खरा स्का नीट ऐकायला मिळाला असेल, त्यांनाच या वळणाची खरी किंमत कळेल.

म्हणून माझे मत असे की लहान जागेत स्का बँड नेहमी पहिला असावा, पंक त्यानंतर आणि स्का-पंक शेवटी. आवाज एकदा चढला की तो उतरवता येत नाही. जाणकारांनी आपापले मत मांडावे.

फेडरवर_बोट

मी अशाच जागांमध्ये ध्वनिसंयोजनाचे काम करतो. तुमच्या निरीक्षणाशी सहमत आहे, पण कारणमीमांसा थोडी वेगळी आहे.

एवढ्याशा खोलीत आवाज किमान किती असणार हे मी ठरवत नाही, ड्रमर ठरवतो. स्नेअर ड्रमला तिथे माइकची गरजच नसते. त्याच्या बरोबरीला येण्यासाठी गिटारवादक अँप वाढवतो, गिटारमुळे बास वाढतो, आणि मग या सगळ्यांच्या वर गायकाचा आवाज काढायचा झाला तर एका मर्यादेनंतर पीए, म्हणजे श्रोत्यांकडे तोंड केलेली स्पीकरची यंत्रणा, शिट्टी मारू लागतो. जोरात वाजवलेला ट्रम्पेट जवळून 100 डेसिबलच्या वर सहज जातो, त्यामुळे अशा ठिकाणी मी ट्रम्पेटला बहुतेक वेळा माइक देतच नाही. सॅक्सोफोनला मात्र थोडा आधार द्यावा लागतो, कारण त्याचा आवाज केवळ पुढच्या भोंग्यातून बाहेर पडत नाही, अंगावरच्या भोकांतूनही पडतो, आणि समोर गर्दी उभी राहिली की तो सर्वांत आधी हरवतो.

आता सुरुवातीची गाणी वाया जाण्याविषयी. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, साधारणपणे उलट्या क्रमाने घेतला जातो. शेवटी वाजवणारा बँड आधी तपासतात आणि सर्वांत आधी वाजवणारा शेवटी, म्हणजे दारे उघडताना मंच पहिल्या बँडसाठी मांडलेलाच राहतो. मधल्या बँडना पंधरा-वीस मिनिटांच्या अवधीत सगळे पुन्हा उभे करावे लागते. तिघांच्या बँडला ते निभावते. आठ जणांच्या बँडमध्ये कीबोर्डची केबल, दोन गायकांचे माइक आणि तीन फुंकवाद्यांचे मॉनिटर (वादकांना ऐकू यावे म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर) लावून होईपर्यंत वेळ संपलेला असतो, आणि पहिली एक-दोन गाणी हाच त्यांचा साउंडचेक ठरतो. तुम्ही जे ऐकले त्यात कानांच्या थकव्याइतकाच याचाही वाटा असणार.

कानांचा मुद्दा मात्र खरा आहे. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जी मानके दिली, त्यांतही पंधरा मिनिटांच्या सरासरीची कमाल मर्यादा 100 डेसिबलच आहे. पंकच्या अर्ध्या तासानंतर कान तात्पुरते बधिर होतात आणि सर्वांत आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज हरवतात, म्हणजे हाय-हॅटची टिकटिक आणि गिटारच्या छेडीची धार. स्का ज्यावर उभा असतो नेमके तेच जाते. इयरप्लग वापरावेत, आणि ते पहिल्या बँडपासून वापरावेत. कान वाजू लागण्याची वाट पाहू नये.

सातवी_पोझिशन

ट्रॉम्बोन वाजवते, त्यामुळे मंचावरून दिसणारी बाजू सांगते. धागाकर्त्यांचा क्रम कागदावर चांगला आहे, परंतु फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांना पहिली पाळी फारशी आवडत नाही, आणि त्याचे कारण मानापमान नसून तापमान आहे.

हवा तापली की तिच्यातून आवाज अधिक वेगाने जातो. प्रत्येक अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो, आणि त्याबरोबर फुंकवाद्याचा सूरही चढतो. रिकाम्या, थंड खोलीत ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन उतरलेले लागतात. शंभर माणसे नाचू लागली की तीच वाद्ये चढू लागतात. गिटारचे याच्या उलट होते, कारण उष्णतेने तारा सैलावतात आणि सूर उतरतो. म्हणजे साउंडचेकच्या वेळी आम्ही एकमेकांशी अगदी जुळवून घेतलेले असते आणि पाचव्या गाण्यापर्यंत आम्ही वर, गिटार खाली अशी फारकत झालेली असते. गिटारवादक दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनरकडे पाहून तारा नीट करतो, आम्ही स्लाइड (ट्रॉम्बोनची पुढे-मागे सरकणारी नळी) किंचित ओढतो, ट्रम्पेटवाले आपली ट्यूनिंग स्लाइड दोन-तीन मिलिमीटर बाहेर घेतात. श्रोत्यांना वाटते की हे उगाच वेळ काढत आहेत.

पहिल्या पाळीला खोली अर्धी रिकामी आणि थंड असते, आणि सेट, म्हणजे एका बँडचे वादन, संपेपर्यंत ती भरून तापते. सर्वांत मोठा फरक त्याच बँडच्या वाट्याला येतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीला खोली एकदाची तापून स्थिरावलेली असते. उपाय अर्थातच आहेत. मी वाजवण्याआधी माउथपीस मुठीत धरून ठेवते आणि वाद्यात सूर न काढता नुसती ऊबदार हवा फुंकत राहते.

जागेचाही प्रश्न आहे. सातव्या, म्हणजे सर्वांत लांबच्या, पोझिशनला माझी स्लाइड जवळजवळ दोन फूट पुढे जाते. गुडघ्याइतक्या मंचावर, समोरचा पंख्यासारखे हात फिरवत नाचत असताना, त्या दोन फुटांत कोणाचे डोके नाही ना हे पाहत वाजवावे लागते. म्हणून मी नेहमी कडेला तिरकी उभी राहते. फेडरवर_बोट यांनी ट्रम्पेटला माइक न देण्याचे जे धोरण सांगितले ते योग्यच आहे, परंतु मॉनिटरमध्ये आम्हाला आमचा नाही तरी बासचा आवाज मिळावा एवढी विनंती आहे. बास ऐकू आला नाही की तिघेही आपापल्या अंदाजाने सूर लावतात.

आणखी एक. पंकच्या गिटारवादकांना ई आणि ए या पट्ट्या प्रिय असतात, कारण उघड्या तारा हाताशी येतात. ट्रम्पेट बी फ्लॅटचे वाद्य असल्यामुळे गिटारचा ई म्हणजे त्याच्यासाठी सहा शार्पची (चढवलेल्या सुरांची) अवघड पट्टी होते, आणि अल्टो सॅक्सोफोनला तर सात. जे स्का-पंक बँड गाणी बी फ्लॅट किंवा एफमध्ये रचतात, त्यांच्यात फुंकवाद्यांचा विचार गाणे लिहितानाच झालेला असतो. बाकीच्यांत ती मागाहून चिकटवलेली असतात, आणि ते लगेच कळते.

नवीन_श्रोती

चर्चा वाचून खूप माहिती मिळाली. एक प्राथमिक शंका आहे. ज्या दोन प्रकारांचे गणितच परस्परविरुद्ध आहे, ते एकाच कार्यक्रमात, आणि काही वेळा एकाच गाण्यात, मुळात आले कसे?

जुनी_तबकडी

नवीन_श्रोती यांची शंका प्राथमिक असली तरी तिच्या उत्तराशिवाय क्रमाचा वाद सुटणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

स्का जन्मला तो 1950 च्या दशकाच्या अखेरीस जमैकात, किंग्स्टनमध्ये. तिथे मोठमोठे स्पीकर उघड्यावर मांडून तबकड्या वाजवणाऱ्या ‘साउंड सिस्टिम’ची चुरस होती, आणि वाजवल्या जात त्या मुख्यतः अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या. अमेरिकेची आवड रॉक अँड रोलकडे वळली तसा हव्या त्या तबकड्यांचा ओघ आटला, आणि कॉक्सन डॉड, ड्यूक रीड, प्रिन्स बस्टर यांसारख्या साउंड सिस्टिमवाल्यांनी स्थानिक वादकांना घेऊन स्वतःच ध्वनिमुद्रण सुरू केले. त्या वादकांनी उलट्या मात्रेवरचा जोर वाढवत नेला. 6 ऑगस्ट 1962 रोजी जमैका स्वतंत्र झाला त्या सुमारास स्का हेच त्या देशाचे लोकप्रिय संगीत होते. 1964 मध्ये एकत्र आलेल्या ‘स्कॅटलाइट्स’ या वाद्यवृंदातले टॉमी मकूक, ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघेही किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलचे विद्यार्थी. गरीब मुलांसाठी कॅथलिक जोगिणींनी चालवलेल्या त्या शाळेत बँडचे कडक शिक्षण मिळत असे. म्हणजे स्कामध्ये फुंकवाद्ये शोभेला आलेली नाहीत, ती त्या संगीताचा कणा आहेत. सातवी_पोझिशन यांचा चिकटवण्याविषयीचा शेरा मला म्हणूनच पटला.

हे संगीत ब्रिटनमध्ये पोचले ते स्थलांतरितांबरोबर. 1976-77 मध्ये लंडनमध्ये पंक उसळला तेव्हा ‘रॉक्सी’ या लहानशा क्लबात तबकड्या लावण्याचे काम डॉन लेट्स यांच्याकडे होते. पंकच्या तबकड्या तेव्हा निघालेल्याच फारशा नव्हत्या, म्हणून ते बँडच्या मधल्या वेळात रेगे आणि डब हे स्कातूनच पुढे निघालेले जमैकन प्रकार लावत. एका अर्थाने या धाग्यातला प्रश्न तिथेच सुरू होतो: पंकचा भडिमार, मग पोकळीचे संगीत, मग पुन्हा भडिमार. त्याच काळात, 1976 मध्ये, ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वंशद्वेषविरोधी चळवळ उभी राहिली आणि 30 एप्रिल 1978 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या तिच्या मोठ्या कार्यक्रमात ‘द क्लॅश’ हा पंक बँड आणि ‘स्टील पल्स’ हा रेगे बँड एकाच मंचावर आले. कृष्णवर्णीय आणि गोरे श्रोते एकत्र यावेत म्हणून दोन्ही प्रकारचे बँड एकाच कार्यक्रमात ठेवणे, हे त्या चळवळीचे धोरणच होते. 1979 मध्ये कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्स यांनी ‘टू टोन’ ही तबकड्यांची कंपनी काढली आणि ‘स्पेशल्स’, ‘सिलेक्टर’ या बँडनी पंकचा वेग आणि स्काची मात्रा एका गाण्यात आणली. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे जे चिन्ह आजही स्का बँडच्या गिटारपट्ट्यांवर दिसते, ते तिथले.

जमैका ही स्काची पहिली लाट, टू टोन दुसरी, आणि तिसरी लाट अमेरिकेतली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे 924 गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर 31 डिसेंबर 1986 रोजी स्वयंसेवकांनी चालवलेली एक जागा सुरू झाली. वंशद्वेष नाही, स्त्रीद्वेष नाही, समलैंगिकांचा द्वेष नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, हाणामारी नाही, असे तिचे नियम, आणि प्रवेश सर्व वयांच्या लोकांना. 1987 मध्ये स्थापन झालेला ‘ऑपरेशन आयव्ही’ हा बँड तिथेच वाढला. 1989 मध्ये तो मोडलाही, पण अमेरिकन स्का-पंकचा साचा त्यानेच पाडला. त्या बँडमध्ये फुंकवाद्ये नियमितपणे नव्हती, हे लक्षात घ्यावे. चौघांनी गिटार, बास आणि ड्रमवरच हा मेळ बसवला.

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवर जे स्का-पंक गाजले, ते माझ्या मते बहुतांशी सजावट होते. वेग आला, विनोद आला, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे आले, पोकळी गेली.

चौकटीचे_बूट

जुनी_तबकडी यांचा इतिहास नेमका आहे, शेवटचा निकाल मात्र अन्यायाचा आहे. शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट शिकलेल्या हजारो अमेरिकन मुलांना ते वाद्य घेऊन रॉक बँडमध्ये उभे राहता येते हे त्या दशकातच प्रथम कळले. धागाकर्त्यांनी वर्णन केलेली अर्ध्या मात्रेची कलाटणीही त्याच बँडनी घासूनपुसून तयार केली. ती ऐकताना अंगावर काटा येत असेल, तर त्याच काळाला सजावट म्हणून निकालात काढता येणार नाही. बाकी पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांविषयी मी काही बोलणार नाही.

मधली_रांग

सर्वांनी मंचाकडून विचार केला आहे, मी समोरच्या जागेकडून करते.

स्कावरचे नाचणे म्हणजे स्कँकिंग. गुडघे आळीपाळीने वर, कोपरे वाकलेली, हात पुढे-मागे. प्रत्येकाला स्वतःपुरती एका हाताच्या घेराची जागा लागते आणि ती मिळाली की शेजारच्याला धक्का लागत नाही. पंकच्या वेगवान गाण्यांवर जो पिट तयार होतो त्यात माणसे गोल धावतात, एकमेकांवर आदळतात, आणि पडलेल्याला उचलणे हा तिथला पहिला नियम असतो. चांगल्या पिटमध्ये तो पाळलाही जातो. मी स्वतः पडले आहे आणि जमिनीला पाठ टेकण्याआधी चार हातांनी मला उभे केले आहे, त्यामुळे पिटविषयी मला आकस नाही.

पण पिट जागा खातो. एवढ्याशा खोलीत तो सुरू झाला की पुढच्या दोन रांगा भिंतींना चिकटतात, आणि बुटकी माणसे, चष्मेवाले, वयस्कर आणि बऱ्याचशा बायका मागे जातात. नंतर शांत बँड आला तरी मागे गेलेली माणसे पुढे येत नाहीत, कारण पिटमधली मंडळी घामाघूम होऊन तिथेच उभी असतात आणि बहुधा पुढच्या पिटची वाट पाहत असतात. दुसऱ्या बँडसमोर त्या दिवशी हेच झाले. मंचापुढे अर्धवर्तुळ रिकामे होते, नाचायला उत्सुक माणसे मागे भिंतीशी होती, आणि मधे हात बांधून उभे असलेले पंकवाले होते. बँडने चौथ्या गाण्याआधी थांबून ‘मागचे पुढे या, पुढचे थोडे बाजूला व्हा’ असे सांगितले आणि खोली क्षणात बदलली. धागाकर्त्यांना कान सरावल्यासारखे वाटले असेल, पण मला वाटते की त्या गाण्यापासून समोरची माणसेच वेगळी होती, आणि नाचणाऱ्यांसमोर बँड वेगळे वाजवतो.

वॉशिंग्टनचा ‘फुगाझी’ हा बँड गर्दीत कोणी हाणामारी करू लागला की गाणे मध्येच थांबवत असे. इयन मकाय त्या माणसाशी मंचावरून थेट बोलत, आणि ऐकलेच नाही तर त्याचे पैसे परत करून त्याला बाहेर पाठवत. स्थानिक बँडना हे करायला संकोच वाटतो, कारण समोरचे निम्मे लोक ओळखीचे असतात. मला उलटे वाटते. ओळखीच्या माणसाला थांबवणे सोपे असायला हवे.

तेव्हा स्का आधी या मताला माझा पाठिंबा आहे, पण माझे कारण हे की आधी सगळ्यांनी पुढे उभे राहायची सवय लावून घ्यावी.

ठेकाप्रेमी

चौथ्या गाण्याआधीची ती सूचना मीही ऐकली होती, परंतु तिच्यामुळे समोरचा जमाव इतका बदलला हे मंचाच्या कडेने लक्षात येण्यासारखे नव्हते. आता कारणे तीन झाली: थकलेले कान, अपुरा साउंडचेक आणि बदललेली गर्दी. तिन्हींचा रोख स्का आधी ठेवण्याकडेच आहे, आणि विरोधात एकटे तापमान उभे आहे. पण क्रम प्रत्यक्षात कशावर ठरतो हे आयोजकांपैकी कोणी सांगेल काय?

दारावरचा_शिक्का

असे कार्यक्रम आम्ही चौघेजण मिळून करतो, म्हणून उत्तर देतो. क्रम संगीताच्या विचाराने ठरावा अशी आमचीही इच्छा असते. प्रत्यक्षात तो पुढील गोष्टींनी ठरतो, आणि त्यांत संगीत बरेच खाली येते.

पहिली गोष्ट ड्रमसेट. चार बँडसाठी चार ड्रमसेट आणणे आणि बदलणे अशक्य असते, त्यामुळे एकाच बँडचा सेट सगळे वापरतात आणि प्रत्येक ड्रमर फक्त आपले सिंबल, स्नेअर आणि पायाचे पेडल आणतो. ज्याचा ड्रमसेट असतो तो बँड बहुधा शेवटी वाजवतो, कारण तो मोडून न्यायचा त्यालाच. दुसरी गोष्ट माणसांची. स्थानिक वर्तुळ लहान असल्याने एकच ड्रमर दोन बँडमध्ये असतो, आणि त्याला लागोपाठ दोन सेट वाजवायला लावले तर दुसऱ्यात त्याचे हात चालत नाहीत. तिसरी गोष्ट गर्दी. ज्या बँडचे मित्र सर्वांत जास्त येतात तो पहिला ठेवला तर त्याचा सेट संपताच निम्मी खोली रिकामी होते. हे कटू आहे, पण दर वेळी दिसते. स्का बँडमध्ये आठ माणसे असल्याने त्यांचे मित्रही जास्त, म्हणून त्यांना मधे ठेवण्याचा मोह होतो. धागाकर्त्यांच्या ‘स्का पहिला’ला खरा अडथळा इथे आहे, तापमानात नाही.

पैशांबाबतही लिहितो, कारण त्याचा क्रमाशी संबंध लावला जातो. दारावर जमा झालेल्या रकमेतून जागेचे भाडे आणि ध्वनिसंयोजकाचे मानधन वजा करून उरलेली रक्कम आम्ही बँडना सारखी वाटतो. शेवटी वाजवणाऱ्याला जास्त मिळत नाही. यावर आठ जणांचा बँड म्हणतो की माणशी वाटा तिघांच्या बँडपेक्षा फार कमी पडतो, आणि ते खरे आहे. तिघांचा बँड म्हणतो की गाणी सारखीच वाजवली, आणि तेही खरे आहे. आम्ही बँडवार वाटपावर ठाम आहोत.

एक गोष्ट मात्र संगीत, पैसे आणि मैत्री या सगळ्यांच्या आधी येते. आठ जणांच्या बँडबरोबर वाद्यांच्या आठ-दहा पेट्या येतात, आणि मंचाच्या मागे जागा नसल्याने त्या मागच्या दाराशी रचल्या जातात. ते दार संकटकाळी बाहेर पडण्यासाठी असते. 2003 मध्ये अमेरिकेच्या र्‍होड आयलंड राज्यात वेस्ट वॉरविक येथील ‘द स्टेशन’ या क्लबात मंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि 100 माणसे मृत्युमुखी पडली. ज्या पुढच्या दाराने आत आले त्याच दाराकडे बहुतेकांनी धाव घेतल्यामुळे तिथे माणसांचा बोळा झाला होता. आमच्याकडे आतषबाजी कधीच नसते, तरी धूर कशानेही होऊ शकतो. म्हणून आता नियम केला आहे की पेट्या मागच्या दाराशी नाहीत, आणि पहिला बँड सुरू होण्याआधी दोन्ही दारे कुठे आहेत हे माइकवरून सांगायचे. पंकवाले हसतात. हसू द्यावे.

फेडरवर_बोट

दारावरचा_शिक्का यांच्या अडचणी मान्य करून एक सुचवतो. आठ जणांच्या बँडला पहिला ठेवा आणि ड्रमसेटही त्यांचाच घ्या. सेट मोडण्यासाठी त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागेल, म्हणजे त्यांचे मित्रही थांबतील. साउंडचेक त्यांचा सर्वांत शेवटी होईल आणि सगळे माइक जागच्या जागी राहतील. पेट्यांचा डोंगर त्यांचा सेट संपताच गाडीत परत जाऊ शकतो. राहता राहिला तापमानाचा प्रश्न.

सातवी_पोझिशन

तो आम्ही सोडवू. दारे उघडण्याच्या अर्धा तास आधी खोली बंद करून दिवे सुरू ठेवले तरी बराच फरक पडतो. शिवाय पहिला सेट स्वच्छ कानांनी ऐकला जाणार असेल, तर थोडा सूर सांभाळण्याची मेहनत घ्यायला कोणाचीच हरकत नसेल. अट एकच: मॉनिटरमध्ये बास.

वेगवान_तिसरा

मी त्या दिवशी तिसऱ्या बँडमध्ये होतो. या मांडणीत आम्ही स्का-पंकच्या आधीच राहतो, म्हणून तक्रार नाही. पण जो तिघांचा बँड पहिला होता तो आता दुसरा होईल, आणि त्यांचा ड्रमर डावखुरा आहे. आठ जणांच्या बँडने मांडलेला उजवा सेट पंधरा मिनिटांत उलटा करायला कोण मदत करणार, हे आधी ठरवून घ्यावे.

दारावरचा_शिक्का

मी आणि ठेकाप्रेमी. ते मंचाच्या कडेला उभे असतातच.